आराखड्याआधीचा अभ्यास

शाळेत डिझाइनचा प्रकल्प मिळाला की मुले लगेच रंगीत कागद आणि पुठ्ठा मागू लागतात, आणि पालक इंटरनेटवर तयार चित्रे शोधू लागतात. मात्र वस्तू कशी बनवावी, हा नंतरचा प्रश्न होय. ती कोणासाठी आणि कोणत्या अडचणीवर हवी, हे आधी शोधावे लागते. संशोधनाचा टप्पा तो हाच.

'जयपूर फूट' हे याचे उत्तम उदाहरण. त्या काळी मिळणारे परदेशी कृत्रिम पाऊल बुटात घालून चालण्यासाठी बनवलेले असे. आपल्याकडील माणूस मात्र अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, शेतातल्या चिखलात उतरतो. हे जगणे ध्यानी घेऊन कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास जयपूर येथे रबराचे नवे पाऊल घडवले.

शाळेतील मुलांसाठी आम्ही दप्तराचा विषय सुचवतो. प्रथम निरीक्षण करावे: वर्गमित्र दप्तर कसे उचलतात, पट्टा कोठे तुटतो? मग मोजमाप घ्यावे. केंद्र सरकारच्या २०२०च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये. म्हणजे ३० किलोच्या मुलाला ३ किलो. पाच-सहा दप्तरे आठवडाभर रोज वजनकाट्यावर ठेवून तक्ता करावा. त्यानंतर मुलाखती घ्याव्यात. "दप्तर जड आहे का?" असे विचारल्यास "हो" एवढेच उत्तर मिळते. "काल घरी येताना ते कोठे कोठे खाली ठेवलेस?" असे विचारल्यास खरी हकिकत कळते. शेवटी बाजारातील दप्तरांचे गुणदोष पाहावेत आणि सापडलेली अडचण एका वाक्यात लिहावी.

अशा शोधात कधी कधी मूळ प्रश्नच बदलतो. नको असलेली पुस्तके रोज वाहिली जातात, असे तक्त्यातून दिसले, तर नव्या दप्तरापेक्षा वेळापत्रकाची सुटसुटीत रचना अधिक उपयोगी ठरेल. मुलांनी हा निष्कर्ष मांडला, तर शिक्षकांनी त्याला प्रकल्पाचे यशच मानावे.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलाच्या वतीने उत्तरे शोधू नका, दुकानातून तयार प्रकल्पही आणू नका. वेडीवाकडी अक्षरे आणि खाडाखोड असलेली त्याची वही तशीच राहू द्या. दुसऱ्याची अडचण त्याचे ऐकून समजून घ्यायची असते, हा धडा मूल त्या वहीतूनच शिकते.