गॅस सुटला तर पळायचं कोणत्या दिशेला? सीमाभागानं आधीच विचारून ठेवावेत असे प्रश्न

१९ जानेवारी २०१८ ची पहाट. गोव्यात वास्कोजवळच्या चिखली इथं अमोनिया घेऊन निघालेला टँकर उलटला आणि वायू गळायला लागला. आजूबाजूच्या शेकडो लोकांना झोपेतून उठवून दुसरीकडे हलवावं लागलं. श्वासाचा त्रास झालेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. जवळपास कारखाना नव्हता, होता तो विमानतळाकडे जाणारा रोजच्या वर्दळीचा रस्ता.

अशा वेळी घरातल्या माणसाला दोन-तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. हा वायू कोणता? दार लावून आत बसायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडायचं तर कोणत्या दिशेला? याची उत्तरं त्या घटकेला शोधत बसायला वेळ नसतो. ती आधीच ठरलेली आणि लोकांना सांगितलेली असावीत, असं आपला कायदाच म्हणतो. पण किती गावांना ती माहीत आहेत? सीमाभागात तर प्रश्न दुप्पट अवघड होतो, कारण जिल्ह्याचा आराखडा जिल्ह्याच्या हद्दीवर संपतो, वारा मात्र तिथं थांबत नाही.

भोपाळमध्ये काय कमी पडलं?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. कारखान्याच्या सुरक्षा यंत्रणा बंद किंवा नादुरुस्त होत्या, हे पुढे जगजाहीर झालं. त्याहून कमी बोलली जाते ती दुसरी गोष्ट. भिंतीपलीकडच्या वस्तीला आत काय साठवलंय ते कधी सांगितलेलंच नव्हतं. लोकांना सावध करणारा भोंगा वेळेवर वाजला नाही. डोळ्यांची आग व्हायला लागल्यावर लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले. धावताना श्वास खोल जातो आणि वायू जास्त आत जातो. तोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, एवढं जरी आधी माहीत असतं तरी कितीतरी जीव वाचले असते. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनाही उपचार कशावर करायचे हे कळत नव्हतं.

तेव्हापासून ३५ वर्षांनी, ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या वेंकटपुरम भागात पॉलिमर कारखान्याच्या टाकीतून स्टायरिनची वाफ सुटली. लॉकडाऊनमुळे कारखाना बंद होता आणि टाकीतलं तापमान वाढत गेलं होतं. १२ जणांचा मृत्यू झाला. राज्य सरकारच्या उच्चाधिकार समितीला चौकशीत आढळलं, की भोंगा वाजवण्याची सोय कारखान्यात ३६ ठिकाणी होती, पण तो वाजवलाच गेला नाही.

म्हणजे भोंगा बसवून काम भागत नाही. तो कोण वाजवणार, वाजल्यावर गावानं काय करायचं आणि हे सगळं गावाला कोण सांगणार, हे ठरलेलं लागतं.

कायद्यात काय लिहिलंय?

भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयातीचे नियम झाले आणि १९९६ मध्ये रासायनिक अपघातांच्या पूर्वतयारीचे वेगळे नियम आले. सामान्य माणसाच्या कामाच्या तरतुदी अशा:

• ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त घातक रसायन ठेवणाऱ्या कारखान्यानं आवाराच्या आतला आपत्कालीन आराखडा करायचा आणि दर सहा महिन्यांनी त्याची रंगीत तालीम घ्यायची.

• आवाराबाहेरचा, म्हणजे आजूबाजूच्या गावांचा आराखडा जिल्हा प्रशासनानं करायचा. त्याची तालीम वर्षातून किमान एकदा घ्यायची.

• धोका कोणता आहे आणि अपघात झाला तर काय करावं, काय करू नये, हे आसपासच्या लोकांना कळवण्याची जबाबदारी कारखान्याची आहे. लोकांनी मागितल्यावर द्यायची ही माहिती नव्हे, ती आपणहून द्यायची आहे.

• जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आणि औद्योगिक पट्ट्यात प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर आपत्ती गट असावेत. स्थानिक गटाची बैठक दर महिन्याला व्हावी.

या स्थानिक गटात कोण बसतं, हे बघण्यासारखं आहे. कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी आणि पोलिस तर आहेतच. शिवाय गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी, रसायन वाहतूकदार, परिसरातले दोन डॉक्टर, दोन समाजसेवक, स्थानिक वर्तमानपत्राचा संपादक आणि सरपंच किंवा गावातला प्रमुख माणूस यांनाही नियमानं जागा दिलेली आहे. तुमच्या सरपंचाला हे माहीत आहे का, एकदा विचारून बघा.

मर्यादेखालचे कारखाने

नियमात एक मोठी फट आहे. आराखड्याची सक्ती साठ्यावर ठरते. अमोनियासाठी ही मर्यादा ६० टन आहे, क्लोरीनसाठी १० टन. बर्फाचा कारखाना, मासळी गोठवणारं केंद्र, दूध शीतकरण केंद्र, शीतगृह इथं शीतकरणासाठी अमोनिया फिरतो, पण साठा सहसा ६० टनांच्या आसपासही जात नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रातल्या क्लोरीनच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ९०० किलो वायू असतो. असे पाच सिलिंडर ठेवले तरी साडेचार टनच होतात.

म्हणजे बाहेरच्या आराखड्याची सक्ती मोठ्या कारखान्यावर, आणि वस्तीच्या अगदी मधोमध असतात ते हे छोटे. गोव्यातल्या जेटीजवळचा बर्फाचा कारखाना घ्या, नाहीतर बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातली डेअरी घ्या. अशा ठिकाणी एक पाइप सांध्यातून सुटला तरी शेजारची गल्ली रिकामी करायची वेळ येऊ शकते. इथं कायद्याची वाट न बघता ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेनं स्वतःच मालकाला बोलावून बसणं हाच उपाय.

रस्त्यावरचा धोका आणि हद्द

सीमाभागाची खरी अडचण रस्त्यावर आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरून कागल, कोगनोळी, निपाणी, बेळगाव असे टँकर रात्रंदिवस धावत असतात. कुणात गॅस, कुणात पेट्रोल, कुणात आम्ल. ऊसपट्ट्यातल्या डिस्टिलऱ्यांचं इथेनॉलही याच रस्त्यांनी जातं. गोव्याकडे उतरायचं तर पुढे घाट. कोगनोळीच्या अलीकडे टँकर उलटला तर जिल्हा एक, पलीकडे उलटला तर जिल्हाही दुसरा आणि राज्यही दुसरं. अग्निशमनाची सगळ्यांत जवळची गाडी हद्दीपलीकडे असू शकते. ती बोलवायची कुणी, हे आधी ठरलेलं नसेल तर फोनाफोनीतच वेळ जातो.

सामान्य माणसाच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे टँकरवरची पाटी. घातक माल नेणाऱ्या वाहनावर रसायनाचं नाव, चार अंकी यूएन क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर असलेला फलक लावणं बंधनकारक आहे. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ एलपीजी, १२०३ पेट्रोल, १८३० सल्फ्युरिक आम्ल. हा आकडा लांबूनच वाचायचा किंवा मोबाइलचा कॅमेरा झूम करून टिपायचा. त्यासाठी जवळ जायचं नाही. अग्निशमन दलाला हा एक आकडा कळला तरी फोम आणायचा की पाणी, मास्क कोणता, हे ते निघतानाच ठरवू शकतात.

दुसरी गोष्ट ११२ वर फोन करताना. सीमेवर मोबाइल बऱ्याचदा पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन तिकडच्या कक्षात लागू शकतो. त्यामुळे नुसतं गावाचं नाव सांगून चालत नाही. गाव, तालुका, जिल्हा, राज्य, जवळचा टोल नाका किंवा किलोमीटरचा दगड, एवढं सगळं सांगा. फोन घेणाऱ्याला मराठी येत नसेल तर हिंदीत सांगा, पण क्रमांक एकेक आकडा सुटा करून सांगा.

कोणता वायू, काय करायचं?

*अमोनिया:* नाकाला झोंबणारा उग्र वास. एरवी हवेपेक्षा हलका, पण टाकीतून द्रवरूपात जोरात सुटला तर थंडगार ढग होऊन जमिनीलगत पसरतो. पाण्यात पटकन विरघळतो, म्हणून नाका-तोंडावर ओलं फडकं उपयोगी पडतं. डोळे-कातडी भरपूर पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवायची. सांडलेल्या द्रवावर आपण पाणी मारायचं नाही. त्यानं वाफ उलट वाढते.

*क्लोरीन:* हिरवट-पिवळा, हवेच्या जवळपास अडीचपट जड. खड्डा, तळघर, ओढ्याची खोलगट जागा इथं साचतो. जमिनीवर झोपायचं नाही. उंचावर किंवा वरच्या मजल्यावर जायचं.

*एलपीजी:* हाही जड. गटारातून, नाल्यातून सरपटत लांबवर जातो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. गाडी सुरू करायची नाही, दिव्याचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही. चूल विझवायची आणि चालत लांब जायचं.

*पेट्रोल, इथेनॉल:* उलटलेल्या टँकरखाली कॅन घेऊन जाणं म्हणजे जीवाशी खेळ. इथेनॉलची ज्वाळा भर उन्हात नीट दिसतही नाही.

आता पळायची दिशा. वाऱ्यासोबत पळालात तर वायू तुमच्या मागून येत राहतो. वाऱ्याच्या विरुद्ध पळालात तर गळतीच्या अंगावर जाल. म्हणून वाऱ्याला आडवं निघायचं. वारा कुठून येतोय हे देवळावरच्या पताकेकडे, झाडाच्या शेंड्याकडे किंवा धुराकडे बघून कळतं.

ढग अंगावर आलाच असेल आणि वायू विषारी असेल, तर बाहेर पडण्यापेक्षा आत थांबणं बरं. दारं-खिडक्या लावा, फटींत ओले कपडे कोंबा, पंखा, कूलर, एक्झॉस्ट बंद करा. सिमेंटच्या घरात हे जमतं. कौलारू घरात वरून हवा येतच राहते. तिथं माजघरासारखी आतली खोली निवडा, आणि वायू पोचायला वेळ असेल तर आधीच आडव्या दिशेनं निघा.

सूचना कुणाच्या भाषेत?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पट्ट्यात सरकारी सूचना कन्नडमध्ये निघतात, वडोदऱ्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत. कारखान्याच्या आतले फलक पुष्कळदा इंग्रजीत. कामगार मात्र कुठूनही आलेले. एका शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी, ओडिया बोलणारी माणसं एकत्र काम करतात. धोक्याची सूचना ही भाषेच्या वादात ओढायची गोष्ट नव्हे. ती ज्याच्यासाठी आहे त्याला कळली तरच ती सूचना. राज्यभाषेच्या खाली मराठीत चार ओळी छापल्यानं कुणाचं काही कमी होत नाही.

माहिती दिली नाही की काय होतं, याचा ताजा नमुना इंदूरजवळच्या पीथमपूरमध्ये दिसला. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी तिथं आणला आणि गाव रस्त्यावर उतरलं. कचरा धोकादायक की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी आपल्या अंगणात काय येतंय ते लोकांना आधी विश्वासात घेऊन सांगायला हवं होतं. न सांगितलेल्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार?

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

१. आपल्या परिसरात कोणत्या कारखान्यात, केंद्रात कोणतं रसायन किती आहे?

२. भोंगा वाजला तर अर्थ काय? धोक्याचा सूर कोणता आणि धोका टळल्याचा कोणता?

३. जमायची जागा कोणती? वारा त्याच दिशेला असेल तर दुसरी जागा कोणती?

४. गेल्या वर्षी तालीम कधी झाली आणि गावातलं कोण हजर होतं?

५. अंथरुणाला खिळलेली माणसं, बाळंतीण, शाळेतली मुलं यांना कोण नेणार?

६. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना या रसायनावरचे उपचार माहीत आहेत का?

७. हद्दीपलीकडच्या अग्निशमन केंद्राचा आणि पोलिस ठाण्याचा नंबर पंचायतीच्या भिंतीवर लिहिलाय का?

यातले निम्मे प्रश्न कारखान्याच्या व्यवस्थापकानं ग्रामसभेत एक तास दिला तरी सुटतात. बाकीच्यांसाठी तहसील आणि प्रांत कार्यालयात अर्ज द्यायचा. अपघात झालाच तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली कारखान्याची चूक सिद्ध न करताही तातडीची मदत मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पाच वर्षांच्या आत करायचा. पण ही झाली नंतरची गोष्ट.

आधीची गोष्ट स्वस्त आहे. भिंतीवर रंगवलेले चार नंबर, वर्षातून एकदा वाजवून दाखवलेला भोंगा आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या दोन अधिकाऱ्यांनी एकमेकांना केलेला एक फोन. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीची असो, १ मेची असो किंवा १५ ऑगस्टची, विषयपत्रिकेवर हा एक विषय घालायला कुणाची परवानगी लागत नाही.