मूल चावलं तर…
वडसा परिसरात मोहफुलांच्या दिवसांत आई पहाटेच रानात जाते. अंगणवाडीत आलेलं तीन वर्षांचं लेकरू मग कुणाला तरी चावतं. ताईने आधी हात धरून थांबवावं, त्याच्यासमोर बसावं आणि घरच्या बोलीत, झाडीबोली असो वा गोंडी, म्हणावं, “आई दिसली नाही म्हणून राग आला ना? पण चावलं का दुखते त्याले.”

असं मुलाच्या अडचणीपासून सुरुवात करणं आपल्याकडे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली.

चावणाऱ्या मुलामागे ‘सॉरी म्हण’ हा हट्ट मात्र नको. चावा बसलेल्या मुलाला पाणी लावताना चावणाऱ्यालाही सोबत घ्यावं.