पारख्याचं अक्षर

सुरतेच्या जुन्या व्यापाराविषयी वाचताना एक तपशील मनात रुतून बसला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं स्पॅनिश चांदीच्या ‘रियालां’च्या पेट्या तिथे उतरवत, आणि टांकसाळीत ती नाणी आटवून त्यांचे मोगल रुपये पाडले जात. तसलं एखादं न आटलेलं नाणं हातात घ्यावं म्हणून मी मुंबईत फोर्टमधल्या एका वयस्क नाणेपारख्यांकडे गेले.

काकांनी भिंगाआधी काटा पुढे ओढला. “आठ रियालचं नाणं म्हणजे 27 ग्रॅम. कडा कातरलेल्या असतील, समुद्रातून निघालेलं असेल, तर कमी भरेल. पण सुरुवात 27पासून करायची.”

नाणं वेडंवाकडं होतं. लगडीचा काप घ्यायचा, वजनाला उतरेपर्यंत कातरायचा आणि ठशावर ठेवून हातोडा मारायचा, अशी ती घडण. त्यामुळे ठसा पुरता कधी उमटतच नाही. काका दिवा तिरपा धरून नाणं हळूहळू फिरवत होते. दोन खांब दिसले, खाली समुद्राच्या लाटा. वरच्या ओळीत ‘पी’ आणि 8. ‘पी’ म्हणजे पोटोसी, आजच्या बोलिव्हियातलं चांदीच्या डोंगराखालचं शहर. खालच्या ओळीत 62, म्हणजे 1662. आणि त्याच्या डावीकडे, अर्धवट झिजलेला ‘ई’.

“हा अंतोनिओ दे एर्गेता. टांकसाळीचा पारखी. चांदीचा कस याने तपासला.”

त्या ‘ई’वरून माझी नजर हटेना. 1640च्या दशकात पोटोसीच्या नाण्यांत चांदी कमी भरत असल्याचा बोभाटा झाला. स्पेनच्या राजाने नेस्तारेस मारिन नावाचा अधिकारी चौकशीला पाठवला. चांदीचा बडा व्यापारी गोमेस दे ला रोचा आणि पारखी रामिरेस दे आरेयानो या दोघांनाही देहदंड झाला. त्यानंतर 1652 साली हा खांब-लाटांचा छाप आला. त्यात टांकसाळीचं आणि पारख्याचं अक्षर खांबांच्या बाजूला दोनदा, क्रुसाच्या बाजूला एकदा. हातोडा कसाही पडो, जबाबदार माणूस कुठेतरी सापडतोच. त्या काळच्या कोणत्याही राजमुद्रेपेक्षा मला हे अक्षर मोठं वाटतं.

मग काकांनी मेक्सिकोचं 1772चं नाणं काढलं. यंत्रावर पाडलेलं, गोल, देखणं, वर स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याचा मुखवटा. कडेवर वर्तुळ-चौकटींची नक्षी. ओतीव नकलांमध्ये ती बुजलेली असते, म्हणून काका कड आधी बघतात. पण हे नाणं अस्सल होतं. काट्यावर पुन्हा 27.

वजन तेच, चांदी मात्र कमी! 1771च्या गुप्त हुकमाने राजानेच कस हजारी 916वरून 903पर्यंत उतरवला होता. पोटोसीत ज्या गुन्ह्यासाठी माणसं मेली, तो इथे राजाज्ञेने झाला, आणि काट्याला त्याचा पत्ताही नाही.

“आता अक्षरं बघा,” काका म्हणाले. टांकसाळीची खूण आणि पारख्यांची आद्याक्षरं चक्क उलटी. 1772-73च्या पहिल्या नाण्यांवर ती अशीच आहेत, आणि उतरलेल्या कसाची ती खूण होती असं जाणकार मानतात.