तारा आपल्या, खांब आपले; पण विजेचा दर कोणाचा?

दौलताबादच्या किल्ल्याखाली रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या आणि पेरूच्या पाट्या मांडून बसलेली मंडळी तुम्ही पाहिली असतील. सीताफळाचे झाड काटक. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावरही ते तग धरते. पेरूच्या बागेचे तसे नाही. तिला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागते, आणि विहिरीत पाणी असून भागत नाही. ते वर काढायला वीज लागते. ती कधी रात्री येते, कधी इतक्या कमी दाबाने येते की मोटार नुसती गुरगुरते, आणि रोहित्र जळाले की येतच नाही. मग पारावर बोलणे निघते की दुधाची सोसायटी आपली, साखर कारखाना सहकारी, विकास सोसायटी आपली. मग वीज तेवढी दुसऱ्याच्या हातात का?

हा प्रश्न वेडगळ नाही. दौलताबादेहून दक्षिणेला निघून गोदावरी ओलांडली की जो मुलूख लागतो, तिथे शेतकऱ्यांच्या मालकीची वीज संस्था चाळीस वर्षे चालली. तिचे नाव मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक सहकारी संस्था, मुक्काम श्रीरामपूर. आज ती वीज देत नाही. ती का उभी राहिली आणि का थांबली, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण सौरऊर्जेच्या निमित्ताने तोच प्रश्न आता तुमच्या ग्रामसभेपुढे वेगळ्या कपड्यांत येतो आहे.

या कल्पनेचे मूळ अमेरिकेत आहे. तिथे १९३० च्या सुमारास शहरे विजेने झगमगत होती आणि शेतावरच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात दिवा होता. खासगी कंपन्या म्हणत, दोन घरांत मैलभर अंतर, खांबांचा खर्च कसा निघणार? १९३५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते काढले. शेतकऱ्यांनी संस्था स्थापन करायची, सरकारने कमी व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायचे, अशी ती रीत. आजही तिथे सुमारे नऊशे वीज सहकारी संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्याच तारा आहेत.

आपल्याकडे १९६९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापले आणि अमेरिकन तज्ज्ञांच्या मदतीने प्रयोग म्हणून पाच सहकारी वीज संस्था निवडल्या. महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा, कर्नाटकातील हुक्केरी, गुजरातमधील कोडिनार, त्या वेळच्या आंध्रातील सिरसिला आणि उत्तर प्रदेशात लखनौजवळची एक. नगर जिल्ह्याची निवड झाली यात नवल नव्हते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला होता, कालव्याचे पाणी होते, ऊस होता. संस्था चालवायची म्हणजे काय, हे तिथल्या माणसांना सांगावे लागत नव्हते.

१९७१ पासून मुळा-प्रवरेकडे वीजवाटपाचा परवाना आला. श्रीरामपूर, राहुरी आणि लगतच्या तालुक्यांतील पावणेदोनशेहून अधिक गावे तिच्या क्षेत्रात होती. ग्राहक हाच सभासद. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची, स्वतःच्या तारांवरून गावोगाव पोचवायची आणि बिल वसूल करायचे. तक्रार घेऊन जायचे ते मुंबईच्या कार्यालयात नव्हे, श्रीरामपूरला. संचालक निवडून द्यायचे तेही आपल्यातलेच. खेड्यांत खांब पोचले, विहिरींवर मोटारी बसल्या.

मग अडले कुठे?

संस्थेच्या हाती तारा होत्या. दर मात्र तिच्या हाती नव्हते. वीज ज्या भावाने घ्यायची तो भाव बाहेर ठरे, आणि शेतीपंपाला ज्या भावाने द्यायची तोही राज्याच्या धोरणानेच ठरे. सत्तरीच्या दशकात महाराष्ट्रात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर वार्षिक आकारणी सुरू झाली. पाच अश्वशक्तीची मोटार असली की इतके पैसे, मग ती दिवसाला दोन तास चालो की दहा. शेतकऱ्याला ते सोयीचे वाटले. पण त्या दिवसापासून विहिरीवर किती वीज गेली आणि वाटेत किती गळाली, हे कोणालाच सांगता येईना. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण चार ते साडेचार युनिट खाते. ती किती तास चालली हेच ठाऊक नसेल तर हिशेब मांडायचा कशावर?

आता एक नुसता समजुतीचा हिशेब करू. आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. समजा, संस्थेने १०० युनिट वीज ३ रुपयांनी घेतली. खर्च ३०० रुपये. त्यातले २५ युनिट तारांत आणि आकड्यांत गेले. उरलेल्या ७५ पैकी ५० युनिट शेतीपंपांना १ रुपयाने गेले, त्याचे ५० रुपये. २५ युनिट घरांना, दुकानांना, गिरण्यांना ५ रुपयांनी गेले, त्याचे १२५ रुपये. जमा झाले १७५. तेही सगळ्यांनी बिल भरले तर! शंभरातल्या ऐंशीच रुपयांची वसुली झाली तर हाती १४० येतात. वायरमनचा पगार अजून धरलेलाच नाही.

तुम्ही म्हणाल, वीज मंडळही तेच करत होते, ते कसे तगले? मंडळाकडे पुणे, ठाणे, नाशिकचे कारखाने होते. कारखान्यांकडून चढा दर घ्यायचा आणि शेतीची तूट भरून काढायची, ही मंडळाची रीत. त्यावर राज्य सरकारचे अनुदान. मुळा-प्रवरेच्या पदरात बहुतेक शेतीपंप आणि घरगुती दिवे. तूट भरून काढायला श्रीमंत गिऱ्हाईक आणायचे कुठून? शेतीच्या सवलतीचा भार सगळ्या राज्याचा, पण तो या मुलखापुरता एका संस्थेच्या डोक्यावर बसला. माझ्या मते संस्थेच्या दुखण्याचे पहिले कारण हेच.

पण तेवढेच सांगून थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. थकबाकी वाढत गेली, आकडे पडत गेले, आणि संस्था आपलीच असल्यामुळे कनेक्शन तोडायला जाणाऱ्याचा हात अडखळू लागला. ज्याच्या मतावर संचालक निवडून यायचा, त्याच्याच विहिरीची तार कापायची कशी? सहकारातले हे जुने दुखणे. दुधाच्या सोसायटीत ते कमी जाणवते, कारण तिथे दूध रोज चार माणसांदेखत मोजले जाते आणि फॅट तिथल्या तिथे लागते. विजेचे माप म्हणजे मीटर. तोच नसेल तर सभासदाने संचालकाला आणि संचालकाने सभासदाला कशावरून जाब विचारायचा?

पुढे २००३ चा विद्युत कायदा आला. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण ही कंपनी झाली. मुळा-प्रवरेकडे आपले दोन हजार कोटी रुपयांहून अधिक येणे असल्याचा महावितरणचा दावा होता. सवलतीच्या दराचा बोजा आणि अनुदान यांवर संस्थेचे म्हणणे वेगळे होते. २०११ च्या जानेवारीअखेर परवान्याची मुदत संपली. वीज नियामक आयोगापुढे संस्था आणि महावितरण दोघांचेही अर्ज होते. आयोगाने कौल महावितरणला दिला. वाद अपील न्यायाधिकरणापर्यंत गेला. खांब, तारा, रोहित्रे संस्थेची आणि त्यांतून वाहणारी वीज महावितरणची. मग त्या तारांच्या वापराचे भाडे किती, यावरही भांडण झाले.

त्याच २०११ मध्ये औरंगाबाद शहरात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, उलटा प्रयोग झाला. शहराची वीजवाटणी जीटीएल या खासगी कंपनीकडे सोपवली गेली. २०१४ मध्ये महावितरणने ती परत आपल्याकडे घेतली. मालक सहकारी असो की खासगी, खरेदीचा भाव, गळती आणि वसुली हे तीन हिशेब कोणालाच चुकत नाहीत.

सहकारात वीज चालतच नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नका. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था आजही वीज देते. तिथे सभासद अटीतटीने संचालक निवडतात, आणि कर्नाटकचा वीज नियामक आयोग तिच्यासाठी वेगळा दर-आदेश काढतो. तिचा खर्च, गळती आणि शेतीपंपांच्या सवलतीपोटी सरकारकडून येणारी रक्कम यांचा हिशेब त्यात जाहीरपणे मांडला जातो. तेलंगणातील सिरसिला येथील संस्थाही चालू आहे. तिच्याकडे शेतीपंपांच्या जोडीला यंत्रमागांचे मोठे गाव आहे. अडचणी तिथेही आहेत, यंत्रमागांच्या सवलतीवरून तंटे आहेत. पण दिवे लागतात.

२००३ च्या कायद्यातली दोन कलमे गावकऱ्यांनी माहीत करून घ्यावीत. पाचव्या कलमात ग्रामीण भागातील वीजवाटप पंचायती, ग्राहकांचे संघ आणि सहकारी संस्थांमार्फत करण्यासाठी राष्ट्रीय धोरण आखण्यास सांगितले आहे. म्हणजे दार बंद नाही. पासष्टाव्या कलमात म्हटले आहे की, राज्य सरकारला कोणा ग्राहकाला सवलत द्यायची असेल तर त्याची रक्कम सरकारने आगाऊ भरावी. मुळा-प्रवरेच्या ऐन उमेदीच्या काळात असे कलम असते आणि ते पाळले गेले असते, तर तिच्या खतावण्या वेगळ्या दिसल्या असत्या.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. राज्य सरकारने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज जाहीर केली. मोफत म्हणजे पैसे कोणीतरी भरतोच. इथे सरकार महावितरणला भरते. दुसरीकडे, गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची योजना आहे. तिच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे २०२४ मध्ये सुरू झाला. तो ३ मेगावॉटचा आहे. दिवसा पाणी देता आले म्हणजे काय सुख, हे रात्री बॅटरी घेऊन, बिबट्याच्या आणि विंचूकाट्याच्या धास्तीने बांधावर गेलेल्या घराला विचारा. घरधनी बारे द्यायला गेला की मागे जागणारी बाई त्यात आलीच.

मात्र यात मालकी कोणाची, हे पाहा. या योजनेत जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. ग्रामपंचायतीला तीन वर्षे ५ लाखांचे अनुदान आहे. प्रकल्प मात्र कंपनीचा. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेत दुसरी वाट आहे. अर्धा ते दोन मेगावॉटचा प्रकल्प शेतकरी, सहकारी संस्था किंवा पंचायत स्वतःच उभारून वीज कंपनीला विकू शकते. एका मेगावॉटला साधारण चार-पाच एकर जमीन लागते. माळरानाची उणीव आपल्याकडे नाही, भांडवलाची आहे.

गुजरातमधील खेडा जिल्ह्यात ढुंडी नावाचे गाव आहे. तिथे सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था केली. पंप चालवून उरलेली वीज ते तिथल्या वीज कंपनीला विकतात. करार पंचवीस वर्षांचा. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. विकलेल्या युनिटचे पैसे मिळतात म्हणून माणूस उगाच मोटार चालू ठेवत नाही. दौलताबादच्या काळ्या खडकातल्या विहिरी उन्हाळ्यात कशा तळ गाठतात, हे आपण जाणतो. प्रत्येक विहिरीवर फुकट ऊन आणि फुकट मोटार, अशी स्थिती आली तर पेरूच्या बागेला मार्चमध्ये वीज असेल आणि पाणी नसेल.

तेव्हा तुमच्या ग्रामसभेत सौर प्रकल्पाचा किंवा वीज संस्थेचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी थोडी विचारपूस करा. वीज कोणत्या दराने विकली जाणार आणि तो दर किती वर्षांसाठी लेखी आहे? वीज कंपनीने पैसे थकवले तर कर्जाचा हप्ता कोण भरणार? जमीन गायरान असेल तर गुरे कुठे चरणार आणि भाडे कोणाच्या खात्यात जाणार? पंपांना मीटर बसणार का, आणि त्याचा आकडा सभासदांना महिन्याच्या महिन्याला फळ्यावर दिसणार का? बाया-बापड्यांनीही हे विचारावे. भाड्याचा करार सातबाऱ्यावरील नावांशी बांधलेला असतो आणि त्यात अनेकदा त्यांचेही नाव असते.

संस्था निघेल तेव्हा निघेल, तोवर एक काम आजच करता येते. आपल्या डीपीवर किती पंपांची नोंद आहे, एकूण अश्वशक्ती किती आणि रोहित्राची ताकद किती, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. मग डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून प्रत्यक्ष चालणाऱ्या मोटारी मोजा. नोंद वीस पंपांची आणि मोटारी तीस, असे निघाले तर रोहित्र का जळते ते समजेल. मोटारीला कपॅसिटर बसवा आणि ऑटो स्विच काढून टाका, म्हणजे वीज परत आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम सुरू होऊन रोहित्रावर झटका बसणार नाही. सकाळची पाळी कोणाची, दुपारची कोणाची, हे वहीत लिहा आणि ती वही डीपीला सगळ्यांत जवळ राहणाऱ्या घरी ठेवा.