रंगरेषांतला सोबती : घरच्या कुत्र्याचे चित्र काढण्याचा छंद

कोरेगाव, प्रतिनिधी

घरात पाळलेल्या कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते तेरा वर्षांचे. पहिलीतल्या मुलाने हट्टाने आणलेले पिल्लू ते मूल महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत म्हातारे होते आणि एके दिवशी घर रिकामे करून जाते. मागे उरतात ती मोबाइलमधली शेकडो छायाचित्रे. त्यांतले एखादेच कधी भिंतीवर लागते. बाकीची हळूहळू विस्मरणात जातात. स्वतःच्या हाताने काढलेल्या चित्राचे तसे होत नाही. चित्र काढण्यासाठी त्या जिवाकडे तासन्‌तास पाहावे लागते, आणि असे पाहिलेले सहसा विसरले जात नाही. घरच्या कुत्र्याचे व्यक्तिचित्र काढण्याच्या छंदाचे खरे मोल या पाहण्यात आहे.

माहुलीचा खंड्या

आवडत्या कुत्र्याची प्रतिमा मागे ठेवण्याची ओढ या परिसराला नवी नाही. सातारा-कोरेगाव मार्गावर, कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या संगम माहुली येथे छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची समाधी आहे. तेथेच त्यांच्या लाडक्या कुत्र्याचे स्मारकही आहे. परंपरेने त्याचे नाव 'खंड्या' असे सांगितले जाते. वाघाच्या शिकारीत या कुत्र्याने महाराजांचे प्राण वाचवले, अशी कथा आहे. साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी असलेल्या ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही या कुत्र्याची हकिगत नोंदवली आहे. महाराजांनी त्याला जरीचे वस्त्र व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, त्याच्या नावे जहागिरीची सनद दिली आणि पालखीचा मानही दिला, असे डफ लिहितो.

१७४९ मध्ये शाहू महाराजांचे निधन झाले. आज पावणेतीनशे वर्षांनंतरही कुत्र्याची दगडी मूर्ती लोक आवर्जून पाहतात. मात्र दगड रंग सांगत नाही. त्या कुत्र्याच्या अंगावर ठिपका कोठे होता, त्याच्या डोळ्यांची छटा कोणती होती, हे मूर्तीवरून कळत नाही. कागद आणि रंग नेमके तेच जपू शकतात.

दक्षिणेकडे याहूनही जुने उदाहरण आहे. कर्नाटकातील आतकूर येथील दहाव्या शतकातल्या शिलालेखात रानडुकराशी झुंजताना मरण पावलेल्या 'काळी' नावाच्या शिकारी कुत्र्याची स्मृती नोंदवलेली असून, त्या झुंजीचे शिल्पही शिळेवर कोरलेले आहे.

जातीचे नव्हे, 'आपल्या' कुत्र्याचे चित्र

नवशिक्याची पहिली चूक हाताची नसते, नजरेची असते. अल्सेशियन म्हटले की उभे कान, पामेरियन म्हटले की पांढरा गोळा, अशी ठरावीक चित्रे मनात आधीच तयार असतात आणि हात तीच कागदावर उतरवतो. परिणामी चित्र कुत्र्याचे होते, पण आपल्या कुत्र्याचे होत नाही. ओळख पटते ती बारीकसारीक खुणांवरून. एक कान किंचित दुमडलेला असतो, नाकावर जुन्या भांडणाचा ओरखडा असतो, तोंडाभोवतीचे केस वयाने पांढरे झालेले असतात. या खुणा 'दोष' म्हणून पुसल्या तर चित्रातला सोबतीही पुसला जातो.

रचना सोपी आहे. डोक्यासाठी एक वर्तुळ काढावे आणि नाकाडासाठी त्याला जोडून पुढे निमुळती होत जाणारी पेटी कल्पावी. मग दोन्ही डोळ्यांतून जाणारी आडवी आणि कपाळाच्या मध्यातून नाकाच्या टोकापर्यंत उतरणारी उभी, अशा दोन फिकट मार्गदर्शक रेषा आखाव्यात. मान कललेली असेल तर दोन्ही रेषा सारख्याच कलतात. समोरून पाहिल्यास नाकाड आखूड दिसते. त्याची खरी लांबी ठाऊक असल्याने हात ते लांब काढू पाहतो. येथे माहितीवर नव्हे, डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागतो.

सर्वाधिक गफलत होते ती डोळ्यांत. माणसाच्या डोळ्यांत बुबुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरा भाग स्पष्ट दिसतो. कुत्रा सरळ पाहत असेल तर त्याच्या डोळ्यांत तो जवळजवळ दिसतच नाही. तो रंगवला की कुत्र्याला माणसाचा चेहरा येतो. उलट प्रकाशाचा लहानसा पांढरा ठिपका योग्य जागी सोडला की डोळा जिवंत होतो. भुवईचा भागही महत्त्वाचा. भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत विकसित झालेला असून लांडग्यांत तो जवळपास नसतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. जेवणाच्या वेळी दिसणारी ती केविलवाणी नजर या स्नायूची करामत आहे. कपाळावरच्या दोन हलक्या छटांनी ती चित्रात आणता येते.

छायाचित्र कसे घ्यावे?

कुत्रा माणसासारखा 'बैठक' देत नाही. म्हणून बहुतेक हौशी चित्रकार छायाचित्राचा आधार घेतात. ते उभ्याने, वरून घेतले तर डोके मोठे व पाय आखूड दिसतात. त्यासाठी जमिनीवर बसून, कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा धरावा. फार जवळून घेतल्यास मोबाइलच्या कॅमेऱ्यात नाक फुगलेले दिसते. दोन-तीन पावले मागे सरून झूम करणे बरे. फ्लॅश टाळावा. कुत्र्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा पडदा असल्याने फ्लॅशमध्ये डोळे हिरवट चमकतात आणि त्यांचा खरा रंग हरवतो. खिडकीतून एका बाजूने येणारा सकाळचा प्रकाश सर्वांत चांगला, कारण त्यात उजेड आणि सावली स्पष्ट वेगळी होतात. इंटरनेटवरील दुसऱ्याचे छायाचित्र सरावासाठी समोर ठेवले, तरी त्यावरून काढलेले चित्र विकण्यापूर्वी वा प्रदर्शनात मांडण्यापूर्वी छायाचित्रकाराची परवानगी घ्यायला हवी.

प्रत्यक्ष पाहून रेखाटण्याला मात्र पर्याय नाही. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी १९९५ मध्ये आपल्या स्टॅन्ली व बुजी या दोन डॅशहुंड कुत्र्यांची चित्रमालिका रंगवली. ही जोडी कोठे व केव्हा झोपेल याचा नेम नसल्याने कागद व रंग हाताशी तयार ठेवून भराभर काम करावे लागे. झोपलेला कुत्रा हा नवशिक्यासाठी उत्तम नमुना होय. वहीच्या एकाच पानावर पाच-सहा अर्धवट रेखाटने झाली तरी हरकत नाही. ढवळाढवळ झाली की नवे रेखाटन सुरू करावे.

केसांची दिशा आणि रंगांची युक्ती

महागड्या साहित्याची गरज नाही. एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी अशा चार पेन्सिली, खोडरबर आणि जाडसर कार्ट्रिज कागद एवढ्यावर सुरुवात होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेल्यांच्या घरी हे साहित्य बहुधा कोठेतरी पडलेलेही असते.

प्रत्येक केस काढण्याचा मोह आवरावा. आधी उजेड-सावलीचे मोठे आकार भरून घ्यावेत आणि केसांच्या रेघा शेवटी, त्याही निवडक ठिकाणी, वाढीच्या दिशेने ओढाव्यात. नाकापासून केस मागे कपाळाकडे व गालांकडे वळतात. नाकाडावर ते आखूड, मानेवर लांब असतात. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला कुत्रा रंगवताना पट्ट्यांनी शरीराची गोलाई धरली पाहिजे. कोरेगाव तालुक्याच्या प्रसिद्ध वाघ्या घेवड्याचा दाणा हातात घेऊन पाहावा : त्यावरच्या लालसर रेघा दाण्याच्या वळणाबरोबर वळतात. सपाट ओढलेले पट्टे मात्र अंगावर चिकटवल्यासारखे दिसतात.

काळा कुत्रा निव्वळ काळ्या रंगाने रंगवला तर कागदावर भोक पडल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तपकिरी रंग मिसळून केलेला गडद रंग अधिक जिवंत वाटतो, आणि उजेडाच्या बाजूला निळसर चमक दाखवता येते. पांढऱ्या कुत्र्यासाठी पांढरा रंग लागतच नाही. कागद कोरा सोडून फिकट निळ्या-जांभळ्या सावल्या दिल्या की पुरते.

चेहऱ्यावरचा प्रकाश जाणत्या चित्रकारांनी कसा हाताळला, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या खटाव तालुक्यातील औंध येथे, स्वतः चित्रकार असलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, एम. व्ही. धुरंधर आदींची चित्रे आहेत.

गावठीही चित्राचा धनी

व्यक्तिचित्र म्हणजे विलायती जातिवंत कुत्र्याचेच, असा समज दिसतो. वास्तविक लांब पाय, खोल छाती आणि बारीक कंबर असलेला कारवान किंवा मुधोळ हाउंड रेषेच्या दृष्टीने फारच देखणा. भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. अंगणात भाकरीच्या तुकड्यावर वाढलेल्या गावठी कुत्र्याला असा मान क्वचितच मिळतो. म्हणून त्याचे चित्र घरच्यांनीच काढायचे.

चांगले आले नाही तर?

ही भीती अनेकांचा हात थांबवते. तिला २०२० मध्ये इंग्लंडमधील फिल हेकेल्स यांनी गमतीदार उत्तर दिले. त्यांनी घरच्या कुत्र्याचे अगदी वेडेवाकडे चित्र काढून थट्टेने ते विक्रीला असल्याचे जाहीर केले. लोकांनी आपापल्या प्राण्यांची तसलीच चित्रे मागितली आणि त्यातून बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एक लाख पौंडांहून अधिक निधी मिळाला.

उशीर होणे हा खरा धोका आहे. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घराघरांत पोहोचलेले, कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र फ्रान्सिस बॅरॉड यांनी रंगवले, तेव्हा त्यांचा 'निपर' १८९५ मध्येच गेलेला होता. बॅरॉड सिद्धहस्त चित्रकार होते. आठवणीच्या आधारावर त्यांना ते साधले. हौशी माणसाला ते साधेलच असे नाही. कुत्रा गेल्यावर एखाद्या धूसर छायाचित्रावरून त्याच्या डोळ्यांचा रंग शोधत बसण्यापेक्षा तो दारात ऊन खात पडलेला असतानाच पेन्सिल हाती घेणे शहाणपणाचे. रेषा चुकली तर ती खोडता येते, आणि नमुनाही उद्या सकाळी पुन्हा त्याच जागी येऊन झोपतो.