पाऊण मिलिमीटरची ओळख

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा उघडायला चार दिवस उरले होते. पुण्याच्या शनिवार पेठेत एका वाड्याच्या तळमजल्यावर आयकार्डं छापण्याचा छोटा कारखाना आहे, तिथं मी दुपारभर बसून होतो. टेबलावर तीन शाळांची, एका पतसंस्थेची आणि पंढरपूरला निघालेल्या एका दिंडीची कामं एकाच वेळी येऊन पडली होती. सगळ्यांनाच माल उद्या हवा होता.

दिंडीचं कार्ड मी हातात घेऊन पाहिलं. साधं पांढरं प्लास्टिक. फोटो, मोठ्या अक्षरांत नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, तो रथापुढचा की रथामागचा, आणि दिंडीचालकाचे दोन फोन नंबर. ना चिप, ना पट्टी, ना क्यूआर कोड. पण दिवे घाटाच्या पायथ्याशी किंवा जेजुरीच्या गर्दीत सत्तरीची एखादी माउली चुकली, जवळ मोबाइल नाही, घाबरून तोंडातून शब्द फुटत नाही, अशा वेळी बंदोबस्तावरचा पोलीस तिच्या गळ्यातलं हेच कार्ड वाचून फोन लावू शकतो. त्या दुपारी पाहिलेल्या सगळ्या कार्डांत मला हे सर्वांत नेमकं वाटलं. त्याच्याकडून काय काम करून घ्यायचं हे आधी ठरलं होतं, छपाई नंतर झाली होती.

आपल्या पाकिटातली कार्डं एकावर एक ठेवून पाहा. बँकेचं, पॅन, वाहन परवाना, मेट्रोचं, सगळ्यांच्या कडा तंतोतंत जुळतात. लांबी 85.60 मिलिमीटर, रुंदी 53.98 मिलिमीटर, जाडी 0.76 मिलिमीटर, म्हणजे साधारण पाऊण मिलिमीटर. आयएसओ 7810 या आंतरराष्ट्रीय मानकानं हे माप बांधून दिलं आहे. धंद्यातली माणसं त्याला सीआर-80 म्हणतात. नाशिकमध्ये छापलेलं कार्ड जपानमधल्या यंत्राच्या फटीत बरोबर बसतं ते यामुळेच. सुरुवात मात्र पुठ्ठ्यानं झाली. न्यूयॉर्कच्या डायनर्स क्लबनं 1950 मध्ये सभासदांना दिलेली कार्डं पुठ्ठ्याची होती, आणि अमेरिकन एक्सप्रेसनं 1959 मध्ये प्लास्टिकचं कार्ड काढलं. प्लास्टिकवर आकडे उठावाचे करता येत. दुकानदार कार्डावर कार्बनची पावती ठेवून यंत्राचा दांडा सरकवायचा, की नंबर कागदावर उमटायचा. आता तो दांडा गेला, आणि बँकेच्या नव्या कार्डांवरून उठावाचे आकडेही हळूहळू जात आहेत.

कारखान्यात शाळेच्या हजार-बाराशे कार्डांसाठी शीटचा रस्ता धरतात. बाजारात ड्रॅगन शीट या नावानं ए-फोर मापाची पांढरी पीव्हीसी शीट मिळते. ती इंकजेट प्रिंटरवर दोन्ही बाजूंनी छापायची. एका शीटवर दहा कार्डं बसतात. छापलेल्या शीटच्या वर आणि खाली पारदर्शक शीट ठेवायची, तो थर स्टीलच्या चकचकीत प्लेटांमध्ये घालायचा आणि फ्यूजिंग मशीनमध्ये उष्णता आणि दाब द्यायचा. तिन्ही थर मऊ होऊन एकजीव होतात, मग नखानं सोलू म्हटलं तरी सुटत नाहीत. आपल्या लहानपणी कागदाचं कार्ड पाउचमध्ये घालून लॅमिनेट करत. कोकणातल्या पहिल्याच पावसात कडेनं पाणी शिरायचं आणि हेडमास्तरांची निळी सही पसरून जायची. एकजीव झालेल्या कार्डात पाण्याला शिरायला जागाच नसते.

या कामात घाई चालत नाही ती गार करताना. दाबाखाली पूर्ण निवण्याआधी शीट बाहेर ओढली तर ती पापडासारखी वळते आणि दहाही कार्डं वाया जातात. तिथला कामगार बाहेर रिक्षावाला हॉर्न देत असतानाही शांतपणे थांबला होता. प्लेट हाताला गार लागल्यावरच त्यानं शीट काढली आणि डायकटरखाली धरली. खट्, खट्, खट्. गोल कोपऱ्यांची कार्डं खालच्या डब्यात पडत गेली.

पाच-पंचवीस कार्डांचं काम असेल तर थर्मल प्रिंटर लावतात. तो कोरी कार्डं एकेक करून आत घेतो. आधी चिकट रोलर कार्डावरची धूळ टिपून घेतो, कारण धुळीचा एक कण राहिला तरी फोटोत नेमका गालावर पांढरा ठिपका उमटतो. मग पिवळा, किरमिजी, निळा अशा रिबनच्या पट्ट्या क्रमानं कार्डावरून जातात. छापणारं डोकं रिबनला जिथं जितकी ऊब देईल तिथं तितका रंग वाफ होऊन प्लास्टिकमध्ये मुरतो. काळ्यासाठी वेगळी पट्टी असते. तीन रंग मिसळून केलेला काळा आपल्या डोळ्यांना काळा दिसला तरी बारकोड वाचणाऱ्या काही यंत्रांना तो नीट दिसत नाही. शेवटी सगळ्यावर पारदर्शक थर बसतो.

तरी छपाई हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो शाळेकडून आलेली यादी. एक्सेलच्या तक्त्यात कुणी फक्त नावाचा रकाना अकारविल्हे लावला आणि बाकीचे रकाने तसेच ठेवले, की प्रत्येक मुलाच्या नावापुढे दुसऱ्याचा रक्तगट येतो. फोटो काढण्याच्या दिवशी हजेरीतला एखादा मुलगा गैरहजर असला आणि त्याची जागा रिकामी सोडली नाही, तर त्याच्या पुढचे सगळे चेहरे एका घरानं सरकतात. चेहरा चुकला तर मुलंच हसून सांगतात. रक्तगट चुकला तर कुणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून चांगला कारागीर छापण्याआधी प्रत्येक वर्गाचं पान काढून वर्गशिक्षकाची सही घेतो. ज्या शाळा ही सही द्यायला कंटाळा करतात त्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरा त्रास आपल्या लिपीचा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं मोडतात. 'ऐश्वर्या'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, 'श्रेयस'चा 'श्र' फुटतो, 'गोऱ्हे'मधला अर्धा र नाहीसा होतो. पुष्कळ छापणारे यावर इंग्रजीत नाव छापण्याचा तोडगा काढतात. मराठी शाळेतल्या पहिलीच्या मुलाला स्वतःच्या गळ्यातलं स्वतःचं नाव वाचता येऊ नये, हे मला पटत नाही. या कारखान्यात नावं एकेक करून डोळ्यांखालून घालतात. त्याला वेळ लागतो आणि त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही.

पतसंस्थेचे सचिव दुपारी तीनला आले. त्यांना सभासदांसाठी चिपचं कार्ड हवं होतं, कारण शेजारच्या संस्थेनं चिपचं केलं होतं. मालकांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, की हे कार्ड घेऊन सभासद खिडकीशी आला की पुढे काय होणार. उत्तर निघालं की कारकून सभासद क्रमांक बघून खातं उघडणार. एवढ्यासाठी बारकोड पुरतो. तो छापायला वेगळा खर्च येत नाही, वाचायला हजार-दोन हजारांचा स्कॅनर चालतो. ग्रंथालय, रुग्णालयाचं नोंदणी कार्ड, दुकानाचं ग्राहक कार्ड, या सगळ्यांत कार्ड फक्त एक क्रमांक सांगतं आणि बाकीची माहिती संगणकात असते. संस्था इथंच फसतात, आणि गरज नसताना कार्डावर महागडं काहीतरी चढवून घेतात.

चुंबकीय पट्टीची जन्मकथा घरगुती आहे. 1960 च्या दशकात आयबीएमचे अभियंते फॉरेस्ट पॅरी प्लास्टिकच्या कार्डावर चुंबकीय फीत चिकटवू पाहत होते आणि कुठलाही गोंद दाद देत नव्हता. त्यांची पत्नी त्या वेळी कपड्यांना इस्त्री करत होती. फीत इस्त्रीनंच दाबून बघा, असं तिनं सुचवलं, आणि ती बसली. जगभरच्या एटीएमचा व्यवहार पुढे अनेक दशकं त्या पट्टीवर चालला. पण पट्टीवरची माहिती स्थिर असते, आणि ज्याला ती वाचता येते त्याला तिची नक्कलही करता येते. म्हणून रिझर्व्ह बँकेनं 2018 अखेरपर्यंत आपल्याकडची कार्डं चिपवर आणायला लावली. चिप प्रत्येक व्यवहाराला नवा संकेत तयार करते, त्यामुळे चोरलेला जुना संकेत पुन्हा चालत नाही.

नुसतं टेकवून चालणाऱ्या कार्डात चिपखेरीज तारेचं एक वेटोळं असतं. ते बहुधा कार्डाच्या कडेकडेनं फिरवलेलं असतं आणि बाहेरून दिसत नाही. बॅटरी नसते. यंत्राजवळ नेलं की यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रातून तारेत वीज येते आणि तेवढ्यावर चिप जागी होते. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत हजेरीची अशी कार्डं आली. ती गळ्यात अडकवायची म्हणून शिपायानं साध्या पंचनं प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला भोक पाडलं. संध्याकाळपर्यंत शंभराहून जास्त कार्डं मेली. भोकाबरोबर तार तुटली होती. छापणाऱ्यानं भोक कुठं पाडायचं हे सांगितलं नव्हतं आणि घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं. असं कार्ड होल्डरमध्ये घालावं, ते सर्वांत बरं.

दार उघडणाऱ्या कार्डांबद्दल एक गोष्ट संस्थाचालकांना ठाऊक असायला हवी. 125 किलोहर्ट्झवर चालणारी स्वस्त कार्डं यंत्राला बहुधा फक्त आपला क्रमांक सांगतात, आणि तो कोऱ्या कार्डावर उतरवून घेणारं उपकरण सहज मिळतं. 13.56 मेगाहर्ट्झची मायफेअर क्लासिक कार्डं अधिक सुरक्षित समजली जात, पण नेदरलँड्सच्या नायमेखन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये त्यांचं कुलूपही उघडून दाखवलं. सोसायटीच्या जिमला अशी कार्डं चालतील. जिथं औषधांचा साठा किंवा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आहेत, त्या खोलीला ती लावू नयेत.

आता प्रवासाचं कार्डही बदललं आहे. 2019 च्या मार्चमध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आलं. मुंबईत मेट्रो 2ए आणि 7 वरचं मुंबई-वन आणि पुणे मेट्रोचं वन पुणे ही त्याच घराण्यातली कार्डं. त्यात प्रवासासाठी ठेवलेली शिल्लक कार्डावरच असते. फाटकाला बँकेला विचारत बसावं लागत नाही, आणि सकाळी नऊच्या गर्दीत रांग पुढे सरकत राहते.

सगळ्यांत जास्त गोंधळ आधारचा. आधार प्राधिकरणानं 2020 च्या ऑक्टोबरपासून, तेव्हा 50 रुपयांत, पीव्हीसी कार्ड घरपोच द्यायला सुरुवात केली. त्यावर होलोग्राम आहे, सूक्ष्म अक्षरं आहेत, फिकट दुसरा फोटो आहे, सुरक्षित क्यूआर कोड आहे. नाक्यावरच्या दुकानात छापून मिळणाऱ्या कार्डावर ही सुरक्षेची चिन्हं नसतात, आणि अशी कार्डं वापरू नका असं प्राधिकरणानं 2022 च्या जानेवारीत जाहीर सांगितलं. घरी आलेलं आधारपत्र आणि डाउनलोड केलेलं ई-आधार दोन्ही वैध असताना नाक्यावर आपली माहिती देऊन येण्यात काहीही मिळवायचं नसतं.

माहितीवरून मी पुन्हा त्या थर्मल प्रिंटरकडे येतो. मालकांनी वापरलेल्या रिबनचा रोल दिव्यासमोर उलगडून मला दाखवला. काळ्या पट्टीतून जी अक्षरं कार्डावर गेली, ती पट्टीवर पारदर्शक उरली होती. ओळीनं वाचता येत होती. मुलाचं नाव, इयत्ता, वडिलांचा मोबाइल, घराचा पत्ता, बस थांबा. प्रत्येक कार्ड असं दोनदा छापलं जातं, एकदा प्लास्टिकवर आणि एकदा रिबनवर, आणि रिबन जाते कचऱ्यात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण तो कायदा या टोपलीपर्यंत पोचायला आपल्यालाच हात लावावा लागेल.

या कारखान्यात रोल कापून टाकतात. सगळीकडे कापत नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांना आणि संस्थांच्या सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. या वर्षी मुलांच्या कार्डावरून घराचा पत्ता, जन्मतारीख आणि आधार क्रमांक काढून टाका. फोटो, मराठीत ठळक नाव, रक्तगट आणि शाळेचा असा एक फोन नंबर ठेवा, जो शाळेच्या वेळेत कुणीतरी खरोखर उचलतं. काम झालं की यादीचा पेन ड्राइव्ह परत मागून घ्या, छापणाऱ्याच्या संगणकावरून फाइल आपल्यासमोर काढायला सांगा, आणि रिबन कात्रीनं कापून घ्या. रिबनी कापायला अर्धा तासही लागत नाही.