शंभरातली दोन

रुई कुणी मुद्दाम लावत नाही. पडीक जागेत, रस्त्याच्या कडेला ती आपली आपण वाढते आणि शनिवारी मारुतीला माळ हवी असली की लोकांना तिची आठवण होते. पुण्यातल्या एका सोसायटीच्या मागच्या बाजूला रुईला आळं करून पाणी घालतात, असं कानावर आलं, म्हणून ती बाग बघायला गेले.

माघ लागला होता. बाग सांभाळणाऱ्या मामांनी झेंडूची वाळकी रोपं उपटून एक्झोरा आणि पेंटासला शेणखत घातलं होतं. एवढं कुठलाही माळी करतो. मामांचं लक्ष होतं कढीपत्त्याकडे. शेंडे खुडले की कोवळी पालवी फुटते आणि फुलपाखराची मादी अंड्यांसाठी नेमकी तीच शोधते. पान उलटं करून त्यांनी एक अंडं दाखवलं. मोहरीहून लहान, फिकट पिवळं.

“फुलांवर पाव्हणं येत्यात, ताई. नांदायला पानं लागत्यात,” मामा म्हणाले.

पानांची आवडनिवड प्रत्येकाची वेगळी. २०१५ साली राज्य फुलपाखरू झालेल्या नीलवंताच्या अळीला लिंबाच्या कुळातली पानं लागतात. रुई आहे प्लेन टायगरसाठी. त्याची अळी आधी पानाची शीर कुरतडते, चीक थांबवते आणि मग जेवायला बसते. रेड पिएरोची अळी तर पानफुटीच्या जाड पानात शिरून आतला गर खाते. उजेडात धरलं तर पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ती सरकताना दिसते.

मामांनी कढीपत्त्यावरच्या एका हिरव्या अळीला काडीनं हलकंच डिवचलं. डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं आणि आंबूस, उग्र दर्प नाकात शिरला. शत्रूला पळवण्याची तिची ही तऱ्हा. नंतर दिवसभर कुठेही कढीपत्ता दिसला की मला तोच वास येत राहिला.

“एवढं करून शंभरातली दोन उडत्यात,” मामा म्हणाले. आकडा त्यांनी कुठे वाचलेला नव्हता. वर्षानुवर्षं पानं उलटून बघताना बसलेला अंदाज होता. पण हाच आकडा सोसायटीच्या सभेत त्यांच्यावर उलटला. शंभरातली दोनच उडणार असतील, तर बाकीच्यांनी बागेची चाळण का करायची? औषध मारून टाका! सभासदांना फुलपाखरं हवी आहेत, शिंजीरही हवा आहे. अळ्या तेवढ्या नकोत.

खरं तर उरलेल्या अठ्ठ्याण्णवांवरच ही बाग चालते. त्यातल्या काही गांधीलमाश्या नेतात, काही शिंपी आणि दयाळ टिपतात. फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे, कोळी आणि अळ्या भरवतो. नुसत्या मधावर पिल्लं वाढत नाहीत. त्याचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं असतं, म्हणून मामा कुंपणावरची जळमटं काढत नाहीत. पाचोळा झाडांच्या बुंध्याशीच ठेवतात. एक कोपरा मात्र पाचोळा न पसरता, न खणता मोकळा सोडलाय, कारण कितीतरी एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बिळं करतात. वाळका ओंडका भुंग्यांसाठी. गच्चीवरच्या कुंड्यांतली वांगी धरतात ती अशाच पाहुण्यांमुळे. वांग्याच्या फुलातला पराग थरथरवून झाडावा लागतो. भुंग्याला ते जमतं, पेटीतल्या मधमाशीला नाही.

या वर्षी तडजोड झाली आहे. पुढच्या लॉनवर फवारणी, मागे नाही. मला ही तडजोड पटत नाही. वारा सुटला की फवारा मागे येणारच. मामा काही बोलले नाहीत. नर्सरीतून आलेली रोपं त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. त्यांच्यावर आधीच औषध मारलेलं असतं, म्हणून नवी पालवी आल्याशिवाय ती रांगेत लावायची नाहीत, हा त्यांचा नियम.

पुढच्या सभेत त्यांनी शंभरातली दोन हा आकडा सांगूच नये, असं माझं मत आहे. अठ्ठ्याण्णव सांगावा. ज्यांना खिडकीत शिंजीर हवा आहे, त्यांना त्याच्या पिल्लांचा शिधा किती लागतो ते तरी कळेल.